एक्केचाळीसचे पंधरा टक्के

मी एकतीस वर्षं पाचवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवले. आमच्या गावातले निम्मे लोक माझ्या लाल पेनाला घाबरतच मोठे झालेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं होतं. फिरलं नव्हतं. निदान तुम्ही समजता तसं नव्हतं.

माझं नाव लव्हॉन टीडमन, वय ब्याऐंशी. ऑक्टोबरात तळघराच्या जिन्यावरून पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. त्यानंतर नऊ दिवस मी भ्रमात होते म्हणे. माझ्या मुलीला, जोलीनला, मी माझ्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारल्या आणि एका नर्सला गृहपाठ का केला नाही म्हणून झापलं. दहाव्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं, पण ते नऊ दिवस काही माझी पाठ सोडेनात. जोलीनने मला या वृद्धनिवासात आणून ठेवलं. "बर्फ वितळेपर्यंतच गं, आई," म्हणाली.

इथले लोक चांगले आहेत. इतके चांगले की कधीकधी किंचाळावंसं वाटतं. 'आज आपण कसे आहोत?' असं मला विचारतात, जणू मी दोन-तीन जणी आहे. रात्रीचं जेवण साडेचारला. समोरच्या दाराला आकड्यांचं कुलूप, आतूनही आणि बाहेरूनही. चार आकडे दाबले की दार उघडतं, पण ते आकडे आम्हाला सांगत नाहीत. आमची व्हॅन चालवणारा बर्डेट दार उघडताना मी पहिल्याच आठवड्यात त्याच्या बोटांवर नजर ठेवली. सात, एक, नऊ, चार. पाठ केले, वापरले मात्र कधीच नाहीत. बाहेर गुडघाभर बर्फ आणि हातात वॉकर, जाणार होते कुठे? एल्म रस्त्यावरचं माझं घर इथून अकरा चौक. मी ते रोज मनात चालत जायचे.

जानेवारीत जोलीन एक फॉर्म घेऊन आली. कायमच्या रहिवाशाचा. त्यावर माझी सही झाली की घराला 'विकणे आहे'ची पाटी लागणार. मी काय बोलले ते इथे सांगत नाही. तीही रडली. दोन तास गाडी चालवून येते बिचारी, दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांच्या तोंडात वाकून उभी असते. पण मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

नेमका त्याच वेळी ड्वेन हॅकबार्थ टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. ड्वेनचं ट्रॅक्टरचं दुकान आहे, शिवाय तो आमच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पक्षाध्यक्ष आहे. आणि त्या सगळ्याच्या आधी तो माझा विद्यार्थी, तिसऱ्या बाकावरचा.

"बाई," तो म्हणाला, "या वर्षी पक्षाने वृद्धनिवासातही सभा भरवायची ठरवलीय. दुपारी एक वाजता, म्हणजे म्हाताऱ्या लोकांना... म्हणजे सगळ्यांना सोयीचं. तुम्ही सव्वीस वर्षं आपल्या वॉर्डाची सभा चालवलीत. ही पण चालवाल का?"

मी जोलीनकडे बघितलं. "ऐक. ही सभा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने चालवते. माणसं मोजणं, हिशेब, कागद, सगळं. एकही चूक झाली नाही, तर तू तो फॉर्म फाडायचास आणि एक मार्चला मला घरी न्यायचंस. झाली, तर मी निमूटपणे सही करते."

"आई, ही काय शाळेतली पैज आहे का?"

"घाबरलीस?"

"मी तुलाच घाबरते, नेहमीच." पण मग तिने माझा हात हातात घेतला. "बरं. ठरलं."

आमच्या आयोवा राज्यात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायची सुरुवात अशीच होते. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ठरल्या वेळी दार लावायचं आणि ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. मग डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात एकूण माणसांच्या पंधरा टक्केही माणसं नाहीत, तो कोपरा मोडला. त्या लोकांनी दुसरीकडे जायचं. उरलेल्या कोपऱ्यांत प्रतिनिधींच्या जागा वाटायच्या, आणि ते प्रतिनिधी मार्चमध्ये काउंटीच्या अधिवेशनाला जाऊन उमेदवाराची बाजू धरणार. आमच्या वाट्याला चार जागा होत्या.

या चारांतली एक जागा व्हेस्टा क्रोगमनला हवी होती. व्हेस्टा एक्क्याण्णव वर्षांची, माझ्याच टेबलावर बसते. चाळीस वर्षं अंड्यांच्या सहकारी संस्थेत डझन मोजत होती आणि अजूनही कुठल्याही खोलीत शिरली की आधी माणसं मोजते. पुतणे आहेत, पण ते नाताळला फळांची टोपली पाठवून मोकळे होतात. डॉक्टरकडे नेतात तेवढं सोडलं तर दोन वर्षांत तिने या इमारतीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. अधिवेशन हायस्कूलच्या जिममध्ये, व्हॅन नेणार, डबा मिळणार, शंभर नवी तोंडं बघायला मिळणार. तिने पितळी बटणांचा निळा कोट कपाटातून काढून टेबलाशी आपल्या खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवला होता.

"उमेदवार कुठलाही असो," ती म्हणायची, "मला त्या जिममधली खुर्ची पाहिजे."

"तत्त्वं कुठे गेली तुझी?"

"गुडघ्यांबरोबरच गेली."

माझी पैज तिला तोंडपाठ होती. मी रोज सकाळी ओटमील खाताना तिला ती ऐकवायचे आणि ती रोज म्हणायची, "कळलं बाई, कळलं. तू घरी जाशील, आणि मी या टेबलावर भिंतीशी बोलत बसेन."

सभेच्या सोमवारी एक वाजता जेवणघराचं दार लागलं. रहिवासी, स्वयंपाकिणी, दोन नर्स, बर्डेट, असे सगळे मिळून एक्केचाळीस. मी दोनदा मोजले. कॉफीच्या यंत्राजवळ गव्हर्नर ब्रिस्कोची माणसं, वीस. पियानोजवळ सिनेटर व्हेलनची, पंधरा. त्यांची म्होरकी व्हेस्टा. आणि माशांच्या टाकीजवळ ओकरमनवाले, सहा. त्या सहांत मी एक. हा ओकरमन आधी खेड्यातला शाळामास्तर होता. टीव्हीवर त्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, म्हणूनच मला तो आवडायचा.

व्हेस्टा वॉकर ढकलत टाकीपाशी आली. "काय मंडळी, दुकान बंद ना तुमचं? या माझ्याकडे. पियानोजवळच्या खुर्च्या मऊ आहेत."

"जागेवर बस, व्हेस्टा," मी म्हणाले. "अजून गणित व्हायचंय."

दारापाशी जोलीन फोनवर माझा व्हिडिओ काढत उभी होती. माझी पाठ ताठ झाली. कितीतरी महिन्यांनी खोली माझ्या ताब्यात होती. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एक्केचाळीसचे पंधरा टक्के. गुणाकार केला, बिंदू दिला. सहा पूर्णांक पंधरा शतांश.

"सहा," मी म्हणाले. "सहा माणसं लागतात. ओकरमनचा कोपरा टिकला."

टाकीजवळ टाळ्या वाजल्या. व्हेस्टाने माझ्याकडे बघितलं. "लव्हॉन, खात्री आहे ना?"

"अंडी तू मोज, व्हेस्टा. माणसं मी मोजते."

सगळे हसले. ड्वेन तर सगळ्यांत मोठ्याने हसला. व्हेस्टा हसली नाही. तिने एकदा दाराकडे बघितलं, जोलीन उभी होती तिकडे, आणि मग ओठ घट्ट मिटून खाली बसली. मला वाटलं, तिला राग आला.

पुढचं सरळ होतं. वीस गुणिले चार भागिले एक्केचाळीस, एक पूर्णांक पंचाण्णव, म्हणजे दोन जागा ब्रिस्कोला. व्हेलनचे एक पूर्णांक सेहेचाळीस, म्हणजे एक. ओकरमनचे शून्य पूर्णांक एकोणसाठ, म्हणजे एक. बेरीज चार. व्हेलनवाल्यांनी आपली एकुलती एक जागा निवृत्त पाद्री मायलो एंगेनला दिली, कारण त्याला नाही म्हणायला कुणालाच जमत नाही. दुसरी मिळाली असती, तर ती व्हेस्टाची होती. ओकरमनवाल्यांनी मला निवडलं. मी नको नको म्हणाले, पण फार वेळ नाही.

कागदावर मी सही केली, चिटणीस म्हणून ड्वेनने केली, मग तिन्ही कोपऱ्यांच्या म्होरक्यांनी. व्हेस्टाने पेन हातात धरून जरा वेळ लावला. मग तिनेही केली. ड्वेनने फोनने कागदाचा फोटो काढून वर पाठवून दिला.

जोलीनने मला मिठी मारली. डोळे ओले होते तिचे. "आई, तू अगदी पूर्वीसारखी होतीस. मी शुक्रवारी येते आणि तो फॉर्म तुझ्यासमोर फाडते." मग तिने सभेसाठी केलेल्या पीनट बटरच्या दोन वड्या रुमालात बांधून घेतल्या आणि चार वाजायच्या आत निघाली. रस्ते गोठायच्या आधी पोचायचं होतं तिला.

मी खोलीत आले, खिडकीशी बसले आणि सभेच्या कागदाची माझी प्रत उघडली. कशाला? तर कौतुकाने बघायला. स्वतःचंच अक्षर, स्वतःचीच गणितं. आणि पंधरा टक्क्यांच्या रकान्याखाली बारीक अक्षरात छापलेली ओळ वाचली: अपूर्णांक कितीही लहान असो, पुढचा पूर्ण आकडा धरावा.

सात! सात माणसं लागत होती.

मला हा नियम माहीत नव्हता का? सव्वीस वर्षं मीच तो दुसऱ्यांना समजावून सांगितला होता. एकाच कागदावर दोन तऱ्हा आहेत. जागा वाटताना अर्ध्याच्या खालचं सोडून द्यायचं, वरचं धरायचं, शाळेत शिकवतात तसं. पण पंधरा टक्के काढताना काहीच सोडायचं नाही, नेहमी वर जायचं. दर निवडणुकीला मी नव्या लोकांना बजावायचे, इथे घसराल बरं का. आणि त्या दिवशी हातात खडू आला, समोर फळा आला, आणि माझा हात पाचवीच्या वर्गात निघून गेला. अर्ध्यापेक्षा कमी? सोडून द्या, मुलांनो.

आमचा कोपरा मोडायला हवा होता. आम्हा सहांतलं एक माणूस जरी व्हेलनकडे गेलं असतं, तरी त्यांचे सोळा होऊन दुसरी जागा त्यांना मिळाली असती. ते एक माणूस मी स्वतःच असते. म्हणजे व्हेस्टाची खुर्ची मी बळकावली होती, आणि वर तिला अंडी मोज म्हणून सांगितलं होतं.

मला सांगा, आता काय करायचं? बोलले असते, तर लोकांनी दोनांतलं एक म्हटलं असतं: म्हातारी खुळावलीय, नाहीतर म्हातारीने स्वतःच्या उमेदवारासाठी लबाडी केली. तिसरं काही उरतच नव्हतं. आणि खुळावलीय म्हटलं की फॉर्म आलाच. नाही बोलले, तर रोज तीन वेळा त्या टेबलावर व्हेस्टाच्या समोर बसून घास गिळायचा होता.

मंगळवारी सकाळी मी ड्वेनला फोन लावला.

"ड्वेन, सात लागत होते."

"कसले सात, बाई?"

मी समजावलं.

"अरे, तू चिटणीस होतास! तुला दिसलं नाही?"

"बाई, तुम्ही फळ्यावर लिहिलंत," तो म्हणाला. "मी तपासायचं? तुमचं?"

"बरं, मग दुरुस्त कर. वर कळव."

"नाही होत. मागच्या खेपेलाच वकिलांनी बजावलंय. सगळ्यांच्या सह्या झाल्या की तो कागद पक्का. गणित चुकलेलं दिसलं तरी कुणी हात लावायचा नाही, नाहीतर उद्या जो तो उठून आकडे सुधारत बसेल. दोन, एक, एक. तेच राहणार." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, हात जोडतो, कुणाला सांगू नका. वर्तमानपत्रवाले टपलेलेच असतात. तुमचं नाव खराब होईल. आणि माझंही."

म्हणजे सांगूनही व्हेस्टाला खुर्ची मिळणार नव्हती. माझं घर तेवढं जाणार होतं. मी स्वतःला म्हटलं, लव्हॉन, मग गप्प बस ना. कुणाचं काय बिघडतंय? बुधवारी गप्प बसले. गुरुवारी गावच्या साप्ताहिकात निकाल छापून आला, सगळ्या वॉर्डांच्या आकड्यांखाली आमची ओळ: ब्रिस्को दोन, व्हेलन एक, ओकरमन एक. नर्सने ते कात्रण सूचनाफलकावर लावलं आणि आमच्या ओळीशेजारी माझ्यासाठी चांदणी चिकटवली. चांदणी! मी आयुष्यभर जी पोरांच्या वह्यांवर चिकटवली तीच.

त्या दिवशी निळा कोट खुर्चीच्या पाठीवरून नाहीसा झाला होता.

"कोट कुठे गं?" मी विचारलं.

"कपाटात," व्हेस्टा म्हणाली. "लोणी दे इकडे."

शुक्रवारी साडेअकराला जोलीन आली. थेट जेवणघरात आमच्या टेबलापाशी, गाल थंडीने लाल झालेले, हातात तो फॉर्म. तिने व्हेस्टालाही हसून हाक मारली. "व्हेस्टामावशी, साक्षीदार राहा हं. हा बघा, फाडते."

ती फाडणार तेवढ्यात मी म्हणाले, "थांब."

का म्हणाले? मला अजून नीट सांगता येत नाही. व्हेस्टा पावाला लोणी लावत होती, साक्षीदार व्हायला तयार. ते मला बघवेना. एकतीस वर्षं मी पोरांना सांगितलं होतं, चुकलंस तर चुकलं म्हण, मी रागावणार नाही. आणि मी स्वतः चांदणी लावून बसले होते.

"सोमवारी मी चुकले," मी म्हणाले. "सहा नाही, सात लागत होते. आमचा कोपरा मोडायला हवा होता. व्हेस्टा, तुझी जागा मी घेतली."

जोलीनचे हात तसेच थांबले.

आणि व्हेस्टाने काय करावं! सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "काहीतरीच. सहाच लागतात. जोलीन, तुझी आई सोमवारी अगदी बरोबर होती. काल रात्री तिला नीट झोप नव्हती, म्हणून..."

"व्हेस्टा, तू मध्ये पडू नकोस!"

"बघ, चिडचिड पण होतेय तिची."

जोलीन घाबरून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. "आई, तू आत्ता गोंधळलीयस का? पाणी देऊ?"

देवा! सोमवारी चुकले होते म्हणावं तर मी सोमवारी खुळी. चुकले नव्हते म्हणावं तर आज खुळी. माझ्या अंगाची आग आग झाली. मी कागदी रुमाल ओढला, जोलीनच्या पर्समधलं पेन घेतलं. "बस इथे. बघ. एक्केचाळीस गुणिले पंधरा. पाच एके पाच, पाच चोक वीस. खाली एक्केचाळीस, एक घर सोडून. बेरीज सहाशे पंधरा. दोन घरं सोडून बिंदू. सहा पूर्णांक पंधरा. नियम काय म्हणतो? कितीही लहान असो, वर जा. किती झाले?"

"सात," जोलीन हळूच म्हणाली. पाचवीत असतानाही ती असंच हळू उत्तर द्यायची.

"सात. म्हणजे आज माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही?"

"आहे."

"माझी चूक मीच शोधली, कुणी दाखवली नाही. त्याचे काही गुण नाहीत का?"

"कधी सापडली?"

"सोमवारीच. तू गेल्यावर."

ती रुमालावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. "मग सोमवारीच का नाही फोन केलास?"

एकतीस वर्षांत पोरांनी माझ्याकडे बघितलं असेल तसं मी तिच्याकडे बघत बसले.

"आई, मी रागावले नाही," ती म्हणाली. "पण तू तिथे एकटी असशील. गॅस चालू राहिला, पायरी चुकली, आणि तू चार दिवस मला सांगितलंच नाहीस, कारण सांगितलं तर मी तुला इथे आणेन. असंच करशील ना तू? खरं सांग."

खरं सांगायचं तर, हो. असंच केलं असतं. मी तेही म्हणाले. एकदा खरं बोलायला लागलं की तोंड आवरत नाही.

मग मी फॉर्म तिच्या हातातून घेतला. शब्द मी दिला होता, तिने मागितला नव्हता. तरी ती म्हणाली, "आई, आज नको. घाई नाही." मी म्हटलं, घाई मलाच आहे, नाहीतर उद्या मी पुन्हा हट्ट धरेन. नाव लिहिलं, तारीख लिहिली. माझं अक्षर अजून छापल्यासारखं येतं. जोलीन डोळे पुसत कागद घेऊन ऑफिसात गेली.

व्हेस्टा माझ्याकडे बघत होती.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "पक्की मूर्ख!"

"माहीत आहे. तुझी जागा—"

"माझ्या जागेचं काय घेऊन बसलीस! सात लागतात हे मला त्याच वेळी कळलं होतं. सहा गेले की उरतं काहीतरी, ते वर जातं. चाळीस वर्षं मी तेच केलं, एक अंडं वर आलं तरी नवा खोका काढला. मला विचारतेस?"

मला तिच्याकडे बघवेना. "मग बोलली का नाहीस?"

"तुझी पोर दारात उभी होती," व्हेस्टा म्हणाली. "म्हटलं, निदान एक तरी बाहेर पडू दे. सही केली मी त्या खोट्या कागदावर, देवाच्या साक्षीने, मायलो पाद्री शेजारी बसलेला असताना. आणि तू!" तिने रागाने लोणी लावलेला पाव माझ्या ताटात टाकला. "खा आता. इथेच राहायचंय तुला."

मी खाल्ला. रडू येत होतं, तरी खाल्ला.

मार्चमधल्या शनिवारी बर्डेटने व्हॅन दाराशी लावली. कागद बदलत नाही म्हणजे नाही. त्या कागदाप्रमाणे ओकरमनची प्रतिनिधी मी होते आणि मला जावंच लागलं. गंमत बघा, ओकरमनने दोन आठवड्यांपूर्वीच शर्यतीतून अंग काढून घेतलं होतं. मी व्हेस्टाला बरोबर न्यायचं म्हणून ऑफिसात भांडले, पण व्हॅन प्रतिनिधींसाठी, आणि तिच्यासोबत द्यायला शनिवारी माणूस नाही म्हणाले. व्हेस्टाने मला तिचा निळा कोट घालायला दिला. बाह्या आखूड पडल्या.

"कुठल्या कोपऱ्यात जायचं माहीत आहे ना?" तिने विचारलं.

"माहीत आहे."

जिममध्ये ड्वेनने लाउडस्पीकरवरून सांगितलं, ज्यांचे उमेदवार उरले नाहीत त्यांनी हवं तिथे जावं. मी वॉकर ढकलत पूर्ण मैदान आडवं ओलांडलं, बास्केटबॉलच्या एका टोपलीपासून दुसऱ्या टोपलीपर्यंत, आणि व्हेलनच्या लोकांत मायलो पाद्र्याशेजारी जाऊन उभी राहिले. आमच्या निवासाच्या चार जागा दोन-दोन झाल्या. जशा सोमवारी व्हायला हव्या होत्या, तशा. ड्वेनने माझ्याकडे बघून मान खाली घातली.

दुपारी तीनला परत निघालो. मायलोला त्याचा मुलगा परस्पर घेऊन गेला होता, व्हॅनमध्ये मी एकटी. बर्डेटने एल्म रस्त्यावरून गाडी घेतली. मी सांगितलं नव्हतं. घरापुढचा बर्फ वितळला होता. पाटीवर 'विकले' अशी लाल पट्टी चिकटवलेली होती. जेवणघराच्या खिडकीला पडदे नव्हते, आणि ओट्याजवळच्या भिंतीवर माझं घड्याळ काढल्याची पांढरी खूण दिसत होती. बर्डेट थांबू का म्हणाला. मी नको म्हणाले.

निवासाच्या दाराशी तो एका हातात माझा वॉकर आणि दुसऱ्या हातात उरलेल्या डब्यांचा खोका धरून उभा राहिला. आकडे दाबायला हात मोकळा नव्हता. "जरा थांबा हं, मिसेस टीडमन, खोका खाली ठेवतो."

मी त्याच्या बाजूने पुढे होऊन सात, एक, नऊ, चार दाबले. दार उघडलं.

"हे आकडे तुम्हाला कुणी सांगितले?" बर्डेटने चकित होऊन विचारलं.

"नोव्हेंबरपासून पाठ आहेत," मी म्हणाले.

आत व्हेस्टा दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. सकाळपासून तिथेच बसली असावी. तिने आधी कोटाच्या बटणांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती?"

"दोन-दोन."

"मग बरोबर आलं," ती म्हणाली. मी आत गेले, आणि माझ्यामागे दार आपोआप लागलं.